संगणकावर मराठी टाइप करायला शिकताय? मग हे आधी वाचा

पहिली गोष्ट, कुणी कितीही आग्रह केला तरी जुन्या फॉन्टवर हात बसवू नका. शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरंच साठतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की तुमचा अर्ज म्हणजे निव्वळ अगम्य चिन्हं. शोधही घेता येत नाही. आजही काही ठिकाणी मजकूर याच फॉन्टमध्ये मागतात, याचा मला मनापासून राग येतो.

युनिकोडच वापरा, त्यात मराठी अक्षर फाइलीत मराठी म्हणूनच साठतं. आणि कळफलक इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली बटणांची मांडणी. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगात मराठी जोडली की तो फुकट मिळतो. विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबली की भाषा बदलते. उच्चारानुसार टायपिंग पहिल्या दिवशी सोपं वाटतं खरं, पण रोज पानंच्या पानं लिहायची असतील तर इनस्क्रिप्टला तोड नाही. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या.

जोडाक्षरासाठी मध्ये डी (D) दाबून हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, द्यायचा. 'दऱ्या' लिहिताना मात्र साधा र नको, 'दर्या' होईल. शिफ्ट धरून जे (J) दाबा, मग डी, मग य. ळ शिफ्ट-एनवर आहे.

फॉन्टची चिंता नको. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे युनिकोड फॉन्ट मोफत आहेत, छपाईतही छान दिसतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलात तर ऱ्य, रफार आणि ॲ डोळ्यांनी तपासाच. गडबड बहुधा तिथेच होते.