बुकिंगचे ५१ हजार, जुन्या जीएसटीचा हट्ट आणि जबरदस्तीचा रोटाव्हेटर: सांगोल्याच्या एका शेतकऱ्याला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचं पत्र आणि त्यासोबतचे फोटो दोन्ही नीट बघितले. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमची सांगोला तालुक्यात चार एकर डाळिंबाची बाग आहे, आयुष्यातला पहिला ट्रॅक्टर घेताय, २४ एचपीचा फोर बाय फोर मिनी, ओळींमधून फिरेल असा. गणपतीत, म्हणजे ऑगस्ट २०२५ च्या शेवटी, शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या एका डीलरकडे ५१ हजार देऊन बुकिंग केलंत. त्याने एका चिठ्ठीवर आकडे लिहून दिले: ट्रॅक्टर ५,६०,०००, रोटाव्हेटर ८९,६००, पासिंग व हँडलिंग २२,०००, विमा १६,०००, ॲक्सेसरीज १२,४००, एकूण ७ लाख. नंतर जीएसटी कमी झाला, तुम्ही भाव कमी करा म्हणालात तर तो म्हणतो गाडी जुन्या रेटने आलीय, भाव तोच राहणार, रोटाव्हेटर आमचाच घ्यायचा, अडीच लाख रोख आणायचे, आणि नको असेल तर बुकिंग बुडालं. तुम्ही विचारताय की रास्त भाव मिळवायला कायद्याचा काही उपयोग आहे का, की गपगुमान पैसे भरायचे.

आधी कटू गोष्ट सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. ट्रॅक्टर कितीला विकायचा हे ठरवून देणारा कायदा नाही. डीलरने मूळ भाव जास्त लावला तर फक्त तेवढ्यावरून कोर्ट त्याला खाली आणणार नाही, त्यासाठी तुम्हाला दोन-तीन ठिकाणची कोटेशनंच आणावी लागतील. पण तुमच्या चिठ्ठीतल्या पाच ओळींपैकी मूळ भावाचा वाद फक्त दोन ओळींत आहे, आणि त्यातही कर वेगळा काढला की चित्र बदलतं, उरलेल्या तीन ओळींत कायदा बऱ्यापैकी तुमच्या बाजूने आहे.

कराचं बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, रोटाव्हेटरसारख्या मशागतीच्या अवजारांवरचाही तसाच. आता कर कुठल्या दराने लागतो? डीलरकडे गाडी कधी आली यावर नाही, तुम्हाला माल कधी दिला आणि बिल कधी काढलं यावर. जीएसटी कायद्याच्या कलम १४ मध्ये दर बदलला की काय करायचं ते लिहिलंय, आणि तुमच्या बाबतीत बिल पण निघालेलं नाही, डिलिव्हरी पण झालेली नाही, दिलाय तो फक्त ॲडव्हान्स, म्हणजे दोन्ही गोष्टी २२ सप्टेंबरनंतर होणार तर ५ टक्केच. डीलरने कंपनीला १२ टक्क्यांनी कर भरला असेल तर त्याचं क्रेडिट त्याच्या खात्यात जमा असतं, ते तो पुढच्या विक्रीच्या करात वळते करून घेऊ शकतो. त्याचे पैसे काही काळ अडकतात हे मान्य, पण तो त्याच्या धंद्याचा भाग आहे, तुमच्या खिशातून तो भरून काढायचा अधिकार त्याला नाही.

हिशोब स्वतः करून बघा. ५,६०,००० मध्ये १२ टक्के कर धरलेला असेल तर मूळ किंमत ५,००,०००, आणि ५ टक्क्यांनी ती होते ५,२५,०००. रोटाव्हेटर ८९,६०० म्हणजे मूळ ८०,०००, नवीन दराने ८४,०००. दोन्ही मिळून ४०,६०० रुपयांचा फरक पडतो, बुकिंगच्या रकमेपेक्षा थोडाच कमी, आणि म्हणूनच तो डीलर एवढा ताणून धरतोय.

आता तो एक युक्ती करू शकतो, बिलावर कर ५ टक्केच दाखवेल पण मूळ किंमत ५,३३,३३३ करून टाकेल म्हणजे बेरीज परत ५,६०,००० च. हे पकडायचा मार्ग म्हणजे तुमची ती चिठ्ठी, जिच्यावर जुन्या कराच्या काळातला भाव त्याच्याच हस्ताक्षरात आहे. ती जपून ठेवा, लॅमिनेट वगैरे करू नका, फोटो काढून दोन ठिकाणी सेव्ह करा. त्याशिवाय कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून त्याच मॉडेलची सप्टेंबरच्या आधीची आणि नंतरची एक्स-शोरूम किंमत ईमेलवर मागा. कोणी तुम्हाला जीएसटीच्या नफेखोरीविरोधी कलमाखाली (करकपातीचा फायदा ग्राहकाला दिला नाही म्हणून) तक्रार करा असं सांगेल, पण १ एप्रिल २०२५ पासून तिथे नवीन तक्रारी घेणं बंद झालंय, त्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा, जीएसटी कपातीच्या तक्रारींसाठी तिथे वेगळा प्रकारच केला होता, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं, तक्रार नंबर लिहून घ्या.

रोटाव्हेटरची सक्ती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये एक वस्तू घ्यायची तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणं हे स्पष्टपणे चुकीचं ठरवलंय, प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा म्हणतात त्याला, कलम २(४१). तुम्हाला तुमच्या ओळखीच्या कारखान्यातून तीन-साडेतीन फुटाचा रोटाव्हेटर घ्यायचाय, ओळीत बसेल असा, तर तो तुमचा हक्क आहे. फक्त एक काळजी घ्या. डीलर तोंडी 'वॉरंटी जाईल' अशी भीती घालतात, त्याला म्हणा कंपनीच्या वॉरंटी बुकात कुठल्या पानावर लिहिलंय ते दाखव. आणि बाहेरून अवजार घेताना ते २४ एचपीच्या ट्रॅक्टरच्या पीटीओला, म्हणजे मागून अवजार फिरवणाऱ्या शाफ्टला, झेपणारं आहे हे विकणाऱ्याकडून बिलावर लिहून घ्या, कारण उद्या गिअरबॉक्समध्ये काही झालं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील आणि मधे तुम्ही.

विम्याचंही तेच. थर्ड पार्टी विमा कायद्याने लागतोच पण तो डीलरच्याच एजंटकडून घ्यावा असं कुठे नाही, दोन कंपन्यांचे कोटेशन काढा. पासिंगमध्ये आरटीओची जी काही फी असेल तिची ऑनलाइन पावती निघते, तेवढीच रक्कम द्या. हँडलिंग या शब्दाखाली जे उरतं ते कसलं ते त्याने लिहून द्यावं, आणि तो लिहून देणार नाही हे मी आत्ताच सांगते. ॲक्सेसरीजच्या १२,४०० मध्ये त्याने हूड, टॉप लिंक, ड्रॉबार, बंपर, टूलकिट असं सगळं घातलंय, पण यातल्या बऱ्याच गोष्टी कंपनी ट्रॅक्टरसोबतच देते, ब्रोशरच्या शेवटच्या पानावर यादी असते ती समोर ठेवून एकेक वस्तू खोडा.

रोख अडीच लाख अजिबात देऊ नका. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने घेणाऱ्याला बंद आहे, तुकडे करून घेतलं तरी व्यवहार एकच धरतात, आणि दंड तेवढ्याच रकमेचा बसू शकतो. हे त्याला माहीत असतं. मग तो रोख का मागतो? बिल कमी दाखवायला. बिल कमी निघालं की वॉरंटी, विमा, उद्या भांडण झालं तर कोर्टातली रक्कम, सगळं त्या कमी आकड्यावर येतं. आरटीजीएस करा किंवा चेक द्या.

तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे ती वाचून मला खरी चिंता वाटली. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर, तुमचा अर्ज आहे, पूर्वसंमती (खरेदीआधीची सरकारी मंजुरी) अजून आलेली नाही, आणि डीलर म्हणतो ट्रॅक्टर आत्ता न्या, बिल नंतरच्या तारखेचं करून देऊ, थोडं वाढवून पण देऊ. दादा, हे करू नका. पूर्वसंमती मिळायच्या आधी घेतलेल्या यंत्राला अनुदान नाही हा नियम आहे, आणि मागचा-पुढचा खेळ केलेलं बिल पोर्टलवर तुमच्या नावाने, तुमच्या आधारने अपलोड होतं. चेसिस नंबर, पासिंगची तारीख, विम्याची तारीख या तिन्ही गोष्टी बिलाशी जुळल्या नाहीत की सहायक कृषी अधिकारी (आधीचे कृषी सहायक) जागेवर तपासणीला आले तेव्हाच पकडलं जातं. त्यावेळी डीलर म्हणणार शेतकऱ्याने मागितलं म्हणून दिलं, फसवणुकीचा गुन्हा तुमच्यावर, अनुदान गेलं ते वेगळंच. अनुदान हवंय तर थांबा, थांबता येत नाही तर अनुदान सोडून आत्ताच्या तारखेचं खरं बिल घ्या. मधला रस्ता नाही.

बुकिंगचे पैसे. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात 'बुकिंग रक्कम परत मिळणार नाही' असं छापलंय, त्याला तुम्ही घाबरलात. पण इथे व्यवहार मोडणारे तुम्ही नाही, जुन्या कराचा भाव मागून, न मागितलेलं अवजार गळ्यात मारून अट बदलतोय तो. आणि करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे खरोखर तुम्ही माघार घेतली असती तरी त्याला वाजवी नुकसानभरपाईच मिळते, आपोआप सगळी रक्कम नाही. ट्रॅक्टर त्याच्या आवारातच उभा आहे, उद्या दुसऱ्याला विकेल, त्याचं ५१ हजारांचं नुकसान कुठे झालं?

एक नोटीस पाठवा, वकील लागत नाही, स्पीड पोस्टाने पोच पावतीसह. लिहायचं असं: 'अमुक तारखेला अमुक मॉडेलसाठी ५१,००० रुपये दिले. आजपर्यंत बिल व डिलिव्हरी झालेली नाही. लागू असलेल्या ५ टक्के जीएसटीने, रोटाव्हेटरशिवाय, प्रत्येक रकमेचा वेगळा तपशील असलेलं लेखी कोटेशन १५ दिवसांत द्यावं. ते देणं शक्य नसल्यास ५१,००० रुपये व्याजासह माझ्या बँक खात्यात जमा करावेत.' शिव्या नाहीत, धमकी नाही, भावाला फेसबुकवर पोस्ट टाकायला लावू नका. एक प्रत कंपनीच्या एरिया ऑफिसला पाठवा, बऱ्याचदा तिथूनच डीलरला फोन जातो आणि मामला मिटतो.

नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. डीलर सांगलीचा असला तरी तुम्ही राहता तिथे, म्हणजे सोलापूरला तक्रार करता येते, कलम ३४ मध्ये ती सोय आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. आयोग बघतो तुम्ही प्रत्यक्ष किती पैसे दिले, ते ५१ हजार आहेत, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य आहे. मुदत दोन वर्षांची आहे पण तेवढं थांबू नका. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५, त्यानंतर आयोग वाढवून देऊ शकत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये पक्कं केलंय.

तक्रारीत दोन ठिकाणी सांभाळून लिहा. पहिलं, ट्रॅक्टर स्वतःच्या शेतीसाठी आणि स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतोय हे स्पष्ट लिहा. समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो की हा व्यापारी वापर आहे, ग्राहक नाहीच. तुम्ही पत्रात लिहिलंय की मोकळ्या वेळात शेजाऱ्यांच्या बागेतही भाड्याने मारणार, ते स्वतः चालवून केलं तरी स्वयंरोजगारात बसतं, पण ड्रायव्हर ठेवून तीन-चार ट्रॅक्टरचा धंदा असता तर अडचण आली असती. दुसरं, पावतीवरच्या त्या बारीक अक्षरातल्या अटीला 'अनुचित करार' असं नाव देऊ नका, कारण अनुचित कराराच्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात आणि जिल्हा आयोग तुमची तक्रार तेवढ्याच कारणाने परत करेल. 'अनुचित व्यापार प्रथा' आणि 'प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा' एवढंच म्हणा. सेल्समनचे व्हॉट्सॲप मेसेज स्क्रीनशॉटने देताना सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ मेसेज फोनमधून डिलीट करू नका.

आणि समजा तो वठणीवर आला, भाव जुळला, डिलिव्हरी घ्यायला गेलात, तर हार घालून फोटो काढायच्या आधी अर्धा तास मागून घ्या. अवर मीटर बघा, नव्या गाडीवर मोजकेच तास हवेत, जास्त असतील तर तो डेमोला फिरलेला असू शकतो. प्लेटवरचा चेसिस आणि इंजिन नंबर बिलाशी एकेक अक्षर जुळवा, उत्पादनाचा महिना-वर्ष बघा, मागच्या वर्षीचा स्टॉक निघाला तर त्याची सूट मागा. टॅक्स इन्व्हॉइस, फॉर्म २१ (विक्रीचा दाखला), फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा कंपनीचा दाखला), विमा, वॉरंटी कार्ड हातात आल्याशिवाय आणि नोंदणी, निदान तात्पुरती तरी, झाल्याशिवाय ट्रॅक्टर शोरूमबाहेर काढू नका, नोंदणीशिवाय गाडी ताब्यात द्यायची डीलरला मुळात परवानगीच नाही. फायनान्सच्या कोऱ्या फॉर्मवर किंवा कोऱ्या चेकवर सही करायची नाही, कितीही घाई केली तरी, मुहूर्त टळतोय म्हणाला तरी.

नोटिशीची पोच आली आणि त्याने नवीन कोटेशन दिलं की सही करायच्या आधी त्याचा फोटो मला पाठवा, मी ओळ न् ओळ बघून सांगते. तोपर्यंत पुढचा एक रुपया देऊ नका.

— तुमची वकील ताई

(हे उत्तर पत्रातल्या माहितीवरून दिलंय, मूळ कागद बघितल्यावर एखादा मुद्दा बदलू शकतो.)