८ थ्रेड लावूनही बेरीज एका थ्रेडपेक्षा हळू का होते?
प्रत्येक थ्रेडची (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्याची) बेरीज तुम्ही एकाच अ‍ॅरेच्या शेजारशेजारच्या खणांत ठेवलीत, घोळ तिथेच आहे. बहुतेक प्रोसेसरांत कॅश लाइन, म्हणजे कॅश या जलद मेमरीत एका वेळी आणला जाणारा तुकडा, ६४ बाइटची असते. ८ बाइटचे आठही आकडे तिच्यात मावतात. एका कोरने (प्रोसेसरातल्या थ्रेड चालवणाऱ्या एका भागाने) आपला खण बदलला की बाकीच्यांकडची अख्खी लाइन बाद होते आणि ती कोरांमध्ये टोलवली जात राहते. निकाल बरोबर येतो, म्हणून चूक लवकर सापडत नाही.

बेरीज थ्रेडच्या स्थानिक चलात करा, अ‍ॅरेत शेवटी एकदाच लिहा. ओपनएमपी या समांतर प्रोग्रामिंगच्या साधनातली रिडक्शन ही सोय हेच करते. तरी ८ पट वेग धरू नका: १० टक्के काम क्रमानेच होत असेल, तर अ‍ॅमडालच्या नियमाने (क्रमाने होणारं काम एकूण वेगाला मर्यादा घालतं) जेमतेम ४.७ पट. दशांश आकड्यांत शेवटचे अंक किंचित बदलले तर दचकू नका. बेरजेचा क्रम बदललाय, एवढंच.