कुत्र्याच्या कानातले औषधाला दाद न देणारे जंतू घरच्यांना लागतात का?

लॅब्रॅडॉरचा कान सहा महिन्यांत तिसऱ्यांदा वाहतोय, रिपोर्टात निम्म्या औषधांपुढे 'आर' आलंय आणि घरात रांगतं बाळ आहे, तर कुत्रा दुसरीकडे ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय. नका ठेवू. पण प्रश्न फालतूही नाही.

मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. जंतू प्लेटवर पसरायचा, वर औषधांच्या छोट्या पांढऱ्या डिस्क ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी जिच्याभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ दिसतं ते औषध चालतं. 'आर' (रेझिस्टंट) म्हणजे जंतू डिस्कला जवळजवळ खेटून वाढलाय, ते औषध चालत नाही.

कुत्र्याच्या कानात बहुधा स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस नावाचा जंतू सापडतो. तो मुळात कुत्र्यांचाच, माणसाला क्वचित त्रास देतो. एमआरएसएचं, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या त्याच्या भाऊबंदाचं, उलट आहे. तो माणसांचा, आणि कुत्र्याला बहुतेक वेळा घरच्यांकडूनच मिळतो. बिचारा कुत्रा आपलंच वागवत फिरतो.

मला जास्त धास्ती पोटातल्या ई. कोलायची वाटते. औषध पचवायची युक्ती बऱ्याचदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असते. परीक्षेत कॉपीची चिठ्ठी बाकाबाकावरून सरकते तसं हे कडं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं, आणि देणाऱ्याकडेही प्रत राहतेच. म्हणजे कुत्र्याचा जंतू तुमच्या पोटात कायमचा मुक्काम करायलाच हवा असं नाही, चिठ्ठी देऊन गेला तरी पुरे. 2015 मध्ये फिनलंडमध्ये कान सतत बिघडणाऱ्या दोन कुत्र्यांत एनडीएम-5 हे अगदी जालीम अँटिबायोटिक्सही निकामी करणारं जनुक असलेला ई. कोलाय सापडला, आणि त्याच घरातल्या एका माणसातही. एनडीएममधलं 'एनडी' म्हणजे आपली नवी दिल्ली!

'त्यांची औषधं वेगळी' हाही गैरसमज. कुत्र्यांना देतात ते एन्रोफ्लॉक्सासिन शरीरात गेल्यावर काही प्रमाणात सिप्रोफ्लॉक्सासिन होतं, म्हणजे आपल्याच डब्यातलं. आणि त्या डब्यानेच मी एकदा घोळ घातला. माझ्या घशासाठी आणलेल्या ॲमॉक्सिक्लॅव या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या आमच्या कुत्र्याला, सोन्याला दिल्या. दोन दिवसांत कान सुकला, मी गोळ्या थांबवल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा वास. या वेळी स्वॅब माझ्याच टेबलावर आला आणि ॲमॉक्सिक्लॅवच्या डिस्कभोवती वर्तुळच नव्हतं. त्या गोळ्यांमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण रिपोर्टावर सही करताना हात जड झाला. रोज लोकांना शहाणपण शिकवणारी मी!

तेव्हा उरलेल्या गोळ्या बंद. डॉक्टरांना कानामागचं मूळ कारण शोधायला सांगा. लॅब्रॅडॉरमध्ये पुष्कळदा ॲलर्जी असते, शिवाय लोंबते कान आंघोळीनंतर ओलसर राहतात. ते सुटलं नाही तर थेंब बदलत बसाल. कान पुसताना हातमोजे घाला, कापूस लगेच पिशवीत बांधून टाका, मग साबणाने हात. बाळाचं तोंड चाटू देऊ नका, बाळ रांगतं तिथे कुत्र्याची वाटी नको. कच्चं चिकन घालत असाल तर शिजवून घाला, कच्च्या मांसावर असले ई. कोलाय बरेच असतात.

आणि कुत्र्याच्या रिपोर्टाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. उद्या बाळाला जखम चिघळली किंवा लघवीचं इन्फेक्शन झालं तर बालरोगतज्ज्ञांना तो आधी दाखवा. घरात कुत्रा आहे का, हे बरेच जण विचारत नाहीत.