डीकन व्हायचंय, पण ज्वारी कोण काढणार?

प्रश्न : मोहोळ तालुक्यातल्या गावात आमची छोटी बाप्टिस्ट मंडळी (ख्रिस्ती चर्च) आहे. पाळक (पास्टर) महिन्यातून दोनदाच येतात. येत्या सभेत मला डीकन, म्हणजे मंडळीची सेवा-व्यवस्था बघणारा सेवक, निवडायचं चाललंय. घरी सहा एकर कोरडवाहू रान, दोन म्हशी आणि हात मोजकेच. बायको म्हणते, "काढणीला माणूस मिळेना, त्यात हे कशाला गळ्यात घेताय?" शिवाय चार माणसांत उभं राहून बोलणं मला जमत नाही. होकार देऊ का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : भाऊ, सलाम. होकार द्या. मीही शेती सांभाळूनच हे काम करत आलोय.

बोलण्याची काळजी सोडा. उपदेश पाळकांनी करायचा. बायबलातलं 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय 6 काढून बघा. यरुशलेमात रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जात होतं, म्हणून सात माणसं निवडली. त्यांच्याकडे पहिलं काम आलं ते जेवणाच्या वाटपाचं. कुणाच्या घरातला जोंधळा संपला, कुणाची म्हैस आटली, कुणाचा पोरगा ऊसतोडीला गेल्यामुळे म्हातारी एकटी पडलीय, हे शेतकऱ्याला बांधावरच कळतं. मी वैरणीला जाताना मुद्दाम आमच्या मंडळीतल्या एका आजीच्या दारावरून जातो. चूल पेटलेली दिसली की पुढे निघतो.

काढणीचं म्हणाल तर मालदांडी ज्वारी वाळली की मजुरांची टोळी मिळेल तो दिवस आपला, मग तो भक्तीचा, म्हणजे सामूहिक उपासनेचा, रविवार का असेना. हे लपवू नका, सभेतच मांडा. बाप्टिस्ट मंडळी आपला कारभार स्वतः ठरवते, वर कुणाची परवानगी लागत नाही. आम्ही काढणीपुरती भक्ती संध्याकाळी घेतो. सगळेच रानात असतात, त्यामुळे उलट माणसं जास्त येतात.

सगळ्यात जिवावरचं काम बाप्तिस्म्याचं, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या विधीचं. आपल्यात बाप्तिस्मा पाण्यात बुडवूनच होतो, आणि पाण्याची जबाबदारी डीकनावर येते. उजनीच्या कालव्यात करणार असाल तर आवर्तन (कालव्याला सोडलेलं पाणी) जोरात असताना अजिबात उतरू नका. ओढ ओसरून पाणी कमरेइतकं झालं की मग दिवस धरा. काँक्रीटच्या उतारावर शेवाळ धरतं. मी आधी एकटा उतरून काठीने तळ चाचपतो, उतारावर ओली पोती अंथरतो आणि वर दोर धरून दोन दणकट पोरं उभी करतो. बायकांना कपडे बदलायला आडोसा आधीच बांधून ठेवायचा. शेततळं मात्र नकोच. प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही, पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

दानाचे पैसे दोघांनी मिळून, भक्ती संपल्यावर तिथेच मोजा, वहीत लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. ते पैसे घरच्या खताबियाण्यासाठी उसने घेऊ नका, एका रात्रीपुरतेसुद्धा. उपकारस्तुतीला (पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या भक्तीला) लोक ज्वारी, वांगी, अंडी, कोंबडी आणतात. त्याचा लिलाव बहुधा तुमच्याच गळ्यात येईल. गरिबाघरची वस्तू आधी पुकारा, तेव्हा लोकांचा हात मोकळा असतो. आमच्याकडे गावरान अंड्यांची एक टोपली घेणाऱ्याने पुन्हा लिलावात ठेवली आणि ती तीनदा विकली गेली. अंडी आणणारी बाई पुढच्याच सतरंजीवर बसली होती, तिचा चेहरा मला अजून आठवतो.

आता वहिनींचं. त्यांचं म्हणणं खरं आहे. तुम्ही आजाऱ्याच्या उशाशी बसलात की धारा त्यांनाच काढाव्या लागणार. पाहुणे पाळक आले की भाकरी त्याच थापणार. म्हणून परस्पर होकार देऊन घरी येऊ नका. एकाऐवजी दोन डीकन निवडा, असं मंडळीला सुचवा आणि कामं वाटून घ्या. वहिनींना सभेला सोबत न्या, अडचण त्यांनाच मांडू द्या. मंडळीच्या सभेत प्रत्येक सभासदाला मत असतं, ते त्यांनाही आहे.