कोरल कॅल्शियम: डबीवरचा आकडा आणि पोटातला आकडा

प्रश्न: कोरल कॅल्शियमच्या डबीवर ठळक अक्षरांत '1000 मि.ग्रॅ.' छापलेलं आहे. रोज एक कॅप्सूल घेतली की दिवसाची गरज भागली असं समजायचं का? साध्या कॅल्शियमपेक्षा यात वेगळं काय असतं?

गरज भागत नाही. ते 1000 मि.ग्रॅ. बहुतेक वेळा प्रवाळाच्या भुकटीचं वजन असतं, कॅल्शियमचं नव्हे. प्रवाळाचा सांगाडा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो. शिंपले, अंड्याचं कवच, संगमरवर आणि कॅल्शियमची सर्वांत साधी गोळी, या सगळ्यांत हेच संयुग आहे. प्रवाळात त्याचे स्फटिक अ‍ॅरॅगोनाइट या प्रकारचे असतात, पण जठरातल्या आम्लात विरघळल्यावर तोही फरक उरत नाही.

शुद्ध कार्बोनेटच्या वजनात 40 टक्के कॅल्शियम असतं. म्हणजे 1000 मि.ग्रॅ. भुकटीतून मिळणार फार तर 400 मि.ग्रॅ. अमेरिका-कॅनडाच्या शिफारशीनुसार 19 ते 50 वयाच्या माणसाला दिवसाला 1000 मि.ग्रॅ. लागतं, तर पन्नाशीपुढच्या स्त्रियांना आणि सत्तरीपुढच्या सगळ्यांना 1200. आतड्यातून सगळं कॅल्शियम रक्तात जात नाही, साधारण तिसरा हिस्साच जातो. मात्र ही गळती धरूनच शिफारशीचे आकडे ठरवलेले आहेत, ती पुन्हा वजा करू नका.

लेबलवर तीन गोष्टी पाहा. एक, 'एका मात्रेत' किती कॅप्सूल धरल्या आहेत. अनेकदा दोन-तीन असतात आणि आकडा त्या सगळ्यांचा मिळून असतो. दोन, आकडा 'कोरल कॅल्शियम'पुढे आहे की नुसत्या 'कॅल्शियम'पुढे. दुसराच कामाचा. तीन, मॅग्नेशियम. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम 2:1 प्रमाणात 'नैसर्गिकरीत्या' असल्याचं लिहिलं असेल तर सावध व्हा. अ‍ॅरॅगोनाइटच्या स्फटिकात मॅग्नेशियमला फारशी जागाच नसते, त्यामुळे ते बहुधा वेगळं मिसळलेलं असतं. मिसळण्यात वाईट काही नाही, पण मग ती प्रवाळाची देणगी म्हणून सांगू नये. सत्तर-बहात्तर सूक्ष्म खनिजांच्या यादीचंही तेच. समुद्रातल्या कोणत्याही वस्तूत ती सापडतात, पण इतक्या कमी की पोषणाच्या हिशेबात धरता येत नाहीत.

प्रश्न: शरीर आम्लधर्मी झालं की कर्करोग होतो आणि कोरल कॅल्शियम ते अल्कधर्मी करतं, असं सांगितलं जातं. यात तथ्य किती?

कर्करोगाबद्दलच्या दाव्यात काहीही तथ्य नाही, आणि हा दावा धोकादायक आहे. कार्बोनेट जठरातल्या आम्लाशी क्रिया करतं. त्यातून कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ढेकर येते, जळजळ थोडा वेळ शमते, कारण ते आम्लपित्तावरचं औषधच आहे. पण रक्ताचा पीएच (आम्ल-अल्क मोजण्याचं माप) 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात ठेवण्याचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं अहोरात्र करत असतात. कॅप्सूलने तो पट्टा सरकत नाही. खूप मोठ्या मात्रेने सरकलाच तर तो आजार असतो: रक्तात कॅल्शियम आणि अल्क दोन्ही वाढतात आणि मूत्रपिंडांना इजा होते. गाठीभोवतालची आम्लता ही गाठीतल्या पेशींनी स्वतः तयार केलेली असते. ती परिणाम आहे, कारण नव्हे.

जाहिरातींत जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांचं नाव घेतलं जातं. त्यांना 1931 चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमच्या कामासाठी. अल्कधर्मी आहाराने कर्करोग बरा होतो, असं त्या कामातून निघत नाही.

अमेरिकेत दूरचित्रवाणीवरून असेच दावे झाले, तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणारी सरकारी संस्था) 2003 मध्ये कोरल कॅल्शियमचा प्रचार करणारे केव्हिन ट्रूडो, रॉबर्ट बेअरफूट आणि संबंधित कंपन्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. कर्करोगापासून मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारापर्यंतच्या दाव्यांना पुरावा नाही, हा मुख्य आक्षेप होता. 2004 मध्ये ट्रूडो यांनी 20 लाख डॉलरची तडजोड केली. जपानच्या ओकिनावा बेटांवरची माणसं कोरलमुळे दीर्घायुषी होतात, हाही त्याच प्रचारातला दावा. त्या बेटांवरच्या जुन्या पिढीचा आहार रताळी आणि भाज्यांवर उभा होता, उष्मांक कमी होते. हे सगळं बाजूला सारून श्रेय एकट्या प्रवाळाला देता येत नाही.

उपचार चालू असलेल्या कुणी या भरवशावर औषध थांबवलं असेल तर आजच डॉक्टरांशी बोला.

प्रश्न: पाण्यात बुडवायच्या कोरलच्या पुड्या मिळतात. त्यातून कॅल्शियम किती उतरतं?

जवळजवळ नाहीच. कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात अत्यंत कमी विरघळतं. हवेशी संपर्क असलेल्या साध्या पाण्यात 1 लिटरमागे साधारण 50 मि.ग्रॅ. कार्बोनेट, म्हणजे 20 मि.ग्रॅ.च्या आसपास कॅल्शियम. पीएच मोजायची पट्टी त्या पाण्यात बुडवल्यावर रंग बदलतो तो खरा, पण पीएच बदलायला कणभर पदार्थ पुरतो. त्या रंगावरून कॅल्शियमचं माप कळत नाही.

व्हिनेगरमध्ये भुकटी फसफसली म्हणजे 'अस्सल कोरल', हेही चुकीचं. अंड्याचं कवचसुद्धा असंच फसफसतं. व्हिनेगरचा उपयोग वेगळ्या तपासणीसाठी होतो. गोळी घट्ट दाबलेली असेल तर पोटात फुटते का, हे पाहायला ती पाऊण पेला पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाका, अधूनमधून ढवळा. अर्ध्या तासात तिचा बराचसा भाग सुटायला हवा. जशीच्या तशी राहिली तर ती गोळी बदला.

प्रश्न: आईचं वय 68. सकाळी थायरॉइडची गोळी, सोबत आम्लपित्ताची ओमेप्राझोल. कोरल कॅल्शियम कधी द्यावं?

या दोन्ही गोळ्यांमुळे उत्तर बदलतं. कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला (थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला) धरून ठेवतं, म्हणून दोन्हींमध्ये किमान 4 तास हवेत. घोटाळा होतो तो असा: सगळ्या गोळ्या एकाच वेळी घेतल्या जातात, रक्ततपासणीतला टीएसएच (थायरॉइड कमी पडल्याची खूण) वाढतो आणि थायरॉइडची मात्रा उगाच वाढवली जाते. सोपा मार्ग म्हणजे थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणात.

दुसरी अडचण आम्लाची. कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं आणि ओमेप्राझोल तेच कमी करतं. त्यामुळे त्यांच्यासाठी कोरल ही चुकीची निवड आहे. कॅल्शियम सायट्रेटबद्दल डॉक्टरांना विचारा. ते आम्लाशिवायही शोषलं जातं. त्यात वजनाच्या 21 टक्केच कॅल्शियम असतं, म्हणून गोळ्या मोठ्या किंवा जास्त लागतात.

कोणत्याही प्रकारात एका वेळी 500 मि.ग्रॅ.हून जास्त कॅल्शियम देऊ नका, कारण मात्रा वाढली की शोषणाचं प्रमाण घसरतं. लोहाची गोळी किमान 2 तास दूर ठेवा. सिप्रोफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन अशी प्रतिजैविकं कॅल्शियमच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यायची असतात. हाडांसाठी अ‍ॅलेंड्रोनेट चालू असेल तर त्या सकाळी कॅल्शियम नाहीच. रक्तदाबासाठी थायाझाइड किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन असेल तर आधी रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्यावं.

प्रश्न: मग कॅल्शियमच्या गोळीने हाडं मोडायची थांबतात की नाही?

इथे खरा वाद आहे, आणि तो कोरलपुरता नाही. अमेरिकेतल्या वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या चाचणीत 36,282 स्त्रिया होत्या. निम्म्यांना 1000 मि.ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेटमधून आणि 400 युनिट ड जीवनसत्त्व दिलं, सरासरी 7 वर्षं. 2006 मध्ये निष्कर्ष आले. खुब्याच्या हाडाची घनता 1.06 टक्क्याने जास्त राहिली, पण खुब्याच्या अस्थिभंगातला फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. मुतखड्याचं प्रमाण मात्र 17 टक्क्यांनी वाढलं. गोळ्या नियमित घेणाऱ्यांत खुब्याचे अस्थिभंग 29 टक्क्यांनी कमी होते, त्यावरून तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. 2010 च्या एका एकत्रित विश्लेषणात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे 30 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, 2016 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी मर्यादेतल्या मात्रेला सुरक्षित ठरवलं.

आमचं मत असं: आधी आहारातलं कॅल्शियम मोजा. जितकं कमी पडतं तितकंच गोळीतून घ्या. आहारातून 800 मि.ग्रॅ. मिळत असताना वर 1000 घेण्यात फायदा नाही. मुतखडा होऊन गेलेल्यांनी गोळी जेवणासोबतच घ्यावी. तेव्हा कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झलेटला (ज्यापासून बरेच मुतखडे बनतात) आतड्यातच बांधतं. रिकाम्या पोटी हे होत नाही.

प्रश्न: गरोदरपणात कोरल चालेल का?

नको. समुद्रातल्या आणि जमिनीतल्या कार्बोनेटसोबत शिसं येऊ शकतं. डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेटचं खनिज) आणि हाडांच्या भुकटीबद्दल अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी 1982 मध्येच इशारा दिला होता. गर्भाच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित पातळी अशी नाही. शुद्ध केलेलं कार्बोनेट किंवा सायट्रेट, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, हा बरा मार्ग. 'नैसर्गिक' या शब्दाऐवजी शिशाच्या तपासणीचा बॅचनिहाय अहवाल मागा.

प्रश्न: आणलेली डबी फेकून द्यायची का?

गरोदर नसाल, मूत्रपिंडाचा आजार नसेल, आम्ल कमी करणारी गोळी चालू नसेल आणि शिशाचा अहवाल स्वच्छ असेल, तर साधं कॅल्शियम कार्बोनेट समजून जेवणात संपवा. बद्धकोष्ठता झाली तर मात्रा निम्मी करून दोनदा विभागा. सतत तहान, वारंवार लघवी, मळमळ किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा आकडा) तपासा.