पाटल्या गहाण ठेवून लिव्हरपूल?

तुमच्या पत्राच्या शेवटी वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे: "पाटल्या माझ्या आहेत, मला कुणी विचारलं का?" दादा, उत्तर मी तिथूनच सुरू करतो.

इतर वाचकांसाठी प्रकरण थोडक्यात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात यांचं छोटं मशीन शॉप, वहिनी खासगी शाळेत शिक्षिका, मुलगी बारावीला. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. महाद्वार रोडवर घेतलेल्या कॅसेटपासून दोघंही बीटल्सचे, म्हणजे लिव्हरपूलच्या चौघांच्या त्या बँडचे, वेडे, त्यामुळे लिव्हरपूलला जायचंच असं ठरलंय. एजंटानं 12 दिवसांच्या युरोप टूरचे दोघांचे 6 लाख 40 हजार सांगितलेत. बँकेत साडेसहा लाखांची एफडी आहे, पण ती "मोडायची नाही". म्हणून वहिनींच्या पाटल्या आणि हारावर 5 लाखांचं सोनेतारण आणि बाकीचे पैसे भिशीतून, असा बेत.

एफडीला 7 टक्के मिळतात आणि सोनेतारणाला 10 टक्के पडतात, असं धरू. 5 लाखांवर वर्षाला 50 हजार व्याज भरायचं आणि तेवढ्याच रकमेच्या एफडीवर 35 हजार घ्यायचे, त्यातूनही कर जाणार. म्हणजे एफडी शाबूत ठेवल्याच्या समाधानापोटी वर्षाला 15 हजारांहून जास्त खर्च. वर शॉपची बिलं साठ-नव्वद दिवसांनी निघतात, असं तुम्हीच लिहिलंय. परतफेडीची तारीख आणि पार्टीचा चेक एकाच आठवड्यात येईल, याची हमी कोण देणार? थकलं तर लिलाव सोन्याचा होतो, सहलीचा नाही. सोनेतारण नकोच.

पण मला खरा घोळ टूरच्या कार्यक्रमात दिसला. तुम्ही पाठवलेला कागद दोनदा वाचला. पॅरिस, स्वित्झर्लंड, ॲमस्टरडॅम आणि शेवटी लंडन दीड दिवस. लिव्हरपूलचं नावच नाही! "एजंट बघतो म्हणालाय" एवढ्यावर साडेसहा लाख? मी स्वतः एकदा अशा टूरला गेलो होतो. एका चॉकलेटच्या दुकानात आम्हाला अडीच तास बसवलं होतं. चॉकलेट मी अजून खातो, पण त्या टूरची आठवण नको वाटते.

तुम्हाला जे बघायचंय ते लिव्हरपूल आणि लंडन या दोन शहरांत मावतं. लिव्हरपूलमध्ये मॅथ्यू स्ट्रीटवरचा कॅव्हर्न क्लब, जिथे बीटल्सची ही पोरं 1961 ते 1963 मध्ये जवळपास तीनशे वेळा वाजवून गेली. मूळ क्लब 1973 मध्ये बंद पडला, आताचा त्याच रस्त्यावर 1984 मध्ये पुन्हा बांधलेला. त्यांच्या गाण्यातली पेनी लेन बघायला पैसे पडत नाहीत. गाण्यातलंच स्ट्रॉबेरी फील्ड 2019 पासून लोकांना खुलं आहे. जॉन लेनन आपल्या मावशीकडे राहायचा ते 'मेंडिप्स' आणि पॉल मॅकार्टनीचं फोर्थलिन रोडवरचं घर, ही दोन्ही नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहेत. तिथे आगाऊ बुकिंग करूनच आत जाता येतं आणि ती रोज उघडी नसतात, म्हणून आधी घरांची तारीख, मग हॉटेल. शनिवार-रविवार आणि फुटबॉल मॅचचे दिवस टाळा, हॉटेलांचे दर कडाडतात. लंडनहून लिव्हरपूलला रेल्वेनं सव्वादोन तास लागतात. लंडनमधला, त्यांच्या अल्बमच्या मुखपृष्ठावरचा ॲबी रोडचा झेब्रा क्रॉसिंग फुकट, फक्त गाड्या चालू असतात हे फोटो काढताना विसरू नका.

आठ दिवसांचा माझा अंदाज असा: विमान 1 लाख 40 हजार, सात रात्रींचं हॉटेल 77 हजार, जेवणखाण आणि तिथला प्रवास 64 हजार, व्हिसा 30 हजार, विमा आणि तिकिटं 25 हजार. एकूण 3 लाख 36 हजार. पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे विकतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, आधीच कापला जातो; रिटर्न भरल्यावर त्याचा हिशोब होतो, पण तोवर पैसे अडकतात. बँकेचं कार्ड तिथे वापरताना दर व्यवहारामागे किती टक्के कापतात, तेही निघण्याआधी विचारून घ्या.

आता पैसे कुठून? एफडीतले 2 लाख 70 हजार हा तुमच्या घरखर्चाचा सहा महिन्यांचा आधार, त्याला हात नाही. मुलीच्या पहिल्या वर्षाच्या फी आणि हॉस्टेलसाठी 2 लाख बाजूला. उरतात 1 लाख 80 हजार. एप्रिलमध्ये भिशीचे 1 लाख 20 हजार उचलणार आहात. झाले 3 लाख. राहिलेल्या 36 हजारांसाठी वहिनींच्या पगारातून आजपासून नऊ महिने चार हजारांची आरडी.

नऊ महिने म्हणजे सप्टेंबर. तोवर सीईटी, फेऱ्या, प्रवेश सगळं मार्गी लागेल आणि फीचा खरा आकडा हातात असेल. फी माझ्या अंदाजापेक्षा पन्नास हजारांहून जास्त निघाली, तर लिव्हरपूल एक वर्ष पुढे ढकला आणि यंदा ऋषिकेशला जा. वहिनींनी तेच सुचवलंय, तुम्ही ते हसण्यावारी नेलंय. 1968 च्या फेब्रुवारीत बीटल्स चौघे तिथल्या आश्रमात येऊन राहिले होते. त्यांचा ड्रमर रिंगो सगळ्यात आधी परतला, पण त्या वर्षाच्या दुहेरी अल्बममधली बरीच गाणी तिथेच रचली गेली. ओसाड पडलेला तो आश्रम आता वन विभागाकडे आहे, तिकीट काढून बघता येतो. कोल्हापूरहून निजामुद्दीनला आठवड्यातून एक गाडी आहे, पुढे हरिद्वार. लिव्हरपूलची सर त्याला नाही, हे मान्य. पण सोनं गहाण न ठेवता जाता येतं.

व्हिसासाठी पुण्याला किंवा मुंबईला जावं लागेल आणि फी परत मिळत नाही. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम आली, तर ती कुठून आली ते विचारतात. म्हणून भिशीचे पैसे एप्रिलमध्येच बँकेत भरा, घरात ठेवू नका.

वहिनींचा पासपोर्ट अजून काढायचाय, असं पत्रात ओझरतं आलंय. कोल्हापुरातच पोस्टाच्या पासपोर्ट केंद्रात ते काम होतं. या आठवड्यात अर्ज भरा. आणि एजंटाला काही टोकन दिलं असेल, तर ते आजच परत मागा.