स्वयंपाकघर खचतंय, पाया कसा सावरायचा?

प्रश्न : चारकोपला आमचं बैठं घर आहे. स्वयंपाकघराची बाजू खचतेय. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय, दार चौकटीत अडकतं. कंत्राटदार म्हणतो, भेगा भरून नवी लादी घालू. घालावी का?

उत्तर : ताई, लादी थांबवा. वजन वाढेल, खचणं तसंच राहील. चारकोपसारख्या खाडीकाठच्या भरावाखाली मऊ चिकणमाती असते, ती भाराखाली पाणी सोडत वर्षानुवर्षं दबत राहते. पण एकच बाजू खचतेय, म्हणून माझा पहिला संशय मोरीच्या पाइपावर. चेंबरकडचं तोंड बंद करून पाइप पाण्याने भरा. पातळी उतरली की समजा, माती तिथूनच धुपतेय. भेगेवर आडवी काचपट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा, तारीख लिहा. गळती काढूनही काच तडकली, तर खचणं चालूच आहे; स्ट्रक्चरल इंजिनिअरला गाठा. जमिनीत बोअर घेतल्यावर मुरूम, म्हणजे खालचा टणक थर, किती खोल ते कळेल. जवळ असेल तर पायाखाली मीटरभराचे खड्डे एकाआड एक घेऊन काँक्रीट भरतात. सलग चर मात्र कुणालाही खणू देऊ नका, भिंतच बसेल! मुरूम खोल असेल तर मायक्रोपाइल, म्हणजे टणक थरापर्यंत नेलेले बारीक खांब. खर्चिक आहे, पण त्याचं छोटं यंत्र गल्लीत शिरतं. भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्यांशी आधीच बोला.